गप्पींची गर्दी: आधी पाणी, मग नर-मादी

टाकीत गप्पी माशांची गर्दी झालीय आणि नर वेगळे काढूनही पिल्लं येतच आहेत, असं तुम्ही लिहिलंय. ते येणारच. गप्पी, मॉली, प्लॅटी या पिल्लं देणाऱ्या छोट्या माशांची मादी शुक्राणू पोटात साठवून ठेवते आणि पुढे कित्येक महिने, साधारण दर चार आठवड्यांनी पिल्लं देऊ शकते. त्यामुळे खरा वेळ नव्या पिल्लांतले नर ओळखण्यात घाला. पोटाखालचा पर लांबट, टोकदार होऊ लागला की तो नर, लगेच बाजूला काढा.

पाण्याचं मात्र आजच बघा. टाकी रिकामी करून धुवायचा सल्ला वर कुणीतरी दिलाय, तो कृपया पाळू नका. माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे जीवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजमध्ये असतात आणि नळाच्या क्लोरीनने मरतात. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. या माशांना जड, जास्त सामूचं (pH) पाणी मानवतं, पण त्याच पाण्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो. म्हणून गर्दीची टाकी इतकी पटकन बिघडते. चाचणीत अमोनिया किंवा त्यापासून बनणारं नायट्राइट दिसलं तर खाणं कमी करा आणि रोज पाव टाकी पाणी बदला, क्लोरीन काढूनच.

जास्तीचे मासे पाळणाऱ्या कुणाला तरी द्या. ओढ्यात किंवा तळ्यात अजिबात सोडू नका, तिथल्या स्थानिक माशांना ते भारी पडतात.