जुनं ओमेगा सीमास्टर घ्यायचंय, पण त्यातलं नेमकं कुठलं?

करली_काठ

नमस्कार मंडळी,

मी मूळची मालवणची, नोकरीमुळे सध्या पुण्यात. तारकर्लीला स्कूबा शिकले आणि तेव्हापासून मोसम सुरू झाला की पाण्यात उतरल्याशिवाय राहवत नाही. आता स्वतःच्या कमाईतून एकच चांगलं स्विस घड्याळ घ्यायचं ठरवलंय, जे ऑफिसातही चालेल आणि समुद्रातही. नवं परवडणार नाही, आणि मनापासून मला जुनंच आवडतं. बजेट सर्व्हिसिंगसकट दोन लाख, फार तर सव्वादोन.

ब्रँड ठरलाय, ओमेगा. गाडं अडलंय ते मॉडेलवर. 'सीमास्टर' म्हणून शोधलं की इतकी वेगवेगळी घड्याळं समोर येतात की ही सगळी एकाच नावाची कशी, तेच कळत नाही. सध्या यादीत आहेत ती अशी: साठच्या दशकातलं सीमास्टर, निळीशार तबकडी, मुंबईचा विक्रेता, ४२ हजार, 'डायव्हर' म्हणून जाहिरात. मग मॉडेल नंबर २५३१.८०, निळं. मग २५५१.८०, दिसायला अगदी तेच पण लहान. २२५४.५०, काळं. आणि ओळखीतल्या एकांनी सुचवलेलं स्पीडमास्टर रिड्यूस्ड.

माझं मनगट सव्वासहा इंच. सेलचं घड्याळ नको, ऑटोमॅटिकच हवं. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

पुणे_तीस

ताई, एवढ्या पैशात चांगलं नवं डायव्हिंग घड्याळ वॉरंटीसकट येईल आणि वर भरपूर पैसे उरतील. टिसो सीस्टार बघा, सेइकोही बघा. जुन्या घड्याळात पाणी शिरलं तर केवढ्याला पडेल याचा विचार करा.

जुनी_चावी

ताई, आधी एक करा. सीमास्टर हे मॉडेलचं नाव आहे ही समजूत काढून टाका. ते आडनाव आहे. त्या आडनावाच्या घरात सगळ्या स्वभावाची माणसं आहेत.

मी मुंबईत फोर्टातल्या दुकानात घड्याळ दुरुस्ती शिकलो आणि आयुष्यभर तेच केलं. आता डोंबिवलीला घरीच असतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कंपनी १८४८ ची. शंभर वर्षं झाली तेव्हा, १९४८ साली, पहिलं सीमास्टर आलं. ते डुबकीचं घड्याळ नव्हतंच. रबरी रिंग बसवून पाण्यापासून जपलेलं, सभ्य, रोज वापरायचं घड्याळ होतं ते. खरं डुबकीचं सीमास्टर ३०० हे १९५७ चं, स्पीडमास्टर आलं त्याच वर्षी. पुढं साठ-सत्तरच्या दशकांत कंपनीनं हे नाव सढळ हातानं वापरलं. सीमास्टर डी व्हिल (डी व्हिल ही वेगळी मालिका १९६७ ला झाली), सीमास्टर कॉस्मिक, १२०, आणि १९७० चं ते अवजड प्लोप्रॉफ, सगळी सीमास्टरच. आज लोक सीमास्टर म्हणून जे ओळखतात, लाटांची नक्षी असलेली तबकडी आणि दहाच्या आकड्याशी दुसरी चावी, ते ३०० मीटरचं मॉडेल १९९३ चं. त्याच नावाखाली २००२ च्या सुमारास अ‍ॅक्वा टेरा आलं आणि २००५ ला प्लॅनेट ओशन. तुमचा गोंधळ होणं साहजिक आहे.

म्हणून नावावर जाऊ नका, नंबरावर जा. तुमच्या यादीतल्या चार आकड्यांच्या नंबरात टिंबानंतरचा भाग तबकडीचा रंग सांगतो: ८० म्हणजे निळा, ५० म्हणजे काळा. नंतरच्या काळातले नंबर चौदा आकडी झाले, ते तर वाचायला आणखी सोपे. २१०.३०.४२.२०.०३.००१ हा घ्या. २१० ही मालिका, ३० म्हणजे केसही स्टीलची आणि पट्टाही स्टीलचा, ४२ हा मिलिमीटरमध्ये व्यास, २० हा मशीनचा प्रकार, ०३ म्हणजे निळी तबकडी, शेवटचा नुसता अनुक्रमांक. विक्रेता नंबर देत नसेल तर पुढचं बोलणंच करू नका.

आता ते ४२ हजारांचं. ते घेऊ नका. फोटो न बघताच सांगतो, कारण साठच्या दशकातल्या सीमास्टरवर निळीशार, नवी कोरी तबकडी आणि ही किंमत हे तिन्ही एकत्र आलं की ती रिडायल असते, म्हणजे जुनी तबकडी घासून पुन्हा रंगवलेली. परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना 'बॉम्बे स्पेशल' म्हणतात. मला ते नाव टोचतं. कारण आयात बंद होती, सुटे भाग मिळत नव्हते आणि आपल्या दमट हवेत तबकड्यांना बुरशी चढायची, तेव्हा याच कारागिरांनी लोकांच्या वडिलांची घड्याळं हातावर चालती ठेवली. गिऱ्हाईक स्वतःच म्हणायचं, तबकडी नवी करून द्या. त्यात लबाडी नव्हती. लबाडी सुरू झाली ती तोच माल 'मूळ अवस्थेत' म्हणून विकायला लागले तेव्हा.

ओळखायचं कसं ते सांगतो, भिंग घेऊन बसा. तबकडीच्या अगदी खालच्या कडेला, सहाच्या खाली 'स्विस मेड' ही बारीक अक्षरं असतात. रिडायलवर ती गायब असतात, नाहीतर जाड आणि वाकडी. मग मिनिटांच्या रेघा बघा. तासाच्या उठावदार खुणेच्या बरोबर मधून रेघ जायला हवी, हाताने छापलेल्या तबकडीवर ती केसभर बाजूला सरकलेली दिसते. तिसरं, त्या काळच्या प्लास्टिकच्या काचेच्या बरोबर मध्यभागी आतून ओमेगाचं चिन्ह कोरलेलं असतं, इतकं लहान की उजेडात तिरकं धरल्याशिवाय दिसत नाही. ते नसलं म्हणजे काच बदललेली आहे. काच बदलली म्हणून घड्याळ वाईट ठरत नाही, पण आणखी काय काय बदललंय हे विचारायला कारण मिळतं.

आणि ते अगदी अस्सल असतं तरी ते घेऊन तुम्ही तारकर्लीच्या पाण्यात उतरायचं नाही. तशी ती घड्याळं नव्हेतच.

स्पीडमास्टर रिड्यूस्ड हे १९८८ पासूनचं. देखणं आहे, ३९ मिलिमीटरचं आहे, पण तुमच्या कामाचं नाही. एक तर ते क्रोनोग्राफ, म्हणजे बटणं दाबून वेळ मोजायची सोय असलेलं घड्याळ, समुद्रासाठी बनवलेलं नाही. दुसरं, त्यात साध्या ऑटोमॅटिक मशीनवर क्रोनोग्राफची वेगळी थाळी चढवलेली आहे. बाजूने बघितलं तर चावी खालच्या पातळीवर आणि बटणं वरच्या पातळीवर दिसतात, ती त्यामुळेच. ती थाळी दुरुस्त करणारे हात फार थोडे.

राहिली तीन. २५३१.८०, २५५१.८०, २२५४.५०. तिन्हींत साधारणपणे एकच मशीन, ११२० (अगदी सुरुवातीच्या काही घड्याळांत तिच्या आधीची ११०९). ही ईटीए या मशीन बनवणाऱ्या स्विस कंपनीच्या २८९२ वर आधारलेली, क्रोनोमीटर म्हणजे अचूकतेचं प्रमाणपत्र असलेली मशीन. दिवसाला उणे चार ते अधिक सहा सेकंद ही त्या प्रमाणपत्राची मर्यादा. माझं मत स्पष्ट आहे. तुमच्या बजेटात आणि तुमच्या वापराला ओमेगाची यापेक्षा चांगली मशीन नाही. नंतरच्या २५०० या मशीनमध्ये को-अ‍ॅक्सियल एस्केपमेंट (घड्याळाचे ठोके सांभाळणारा भाग) आली, जॉर्ज डॅनियल्स या इंग्रज कारागिराची कल्पना, १९९९ पासून ओमेगात. विद्या म्हणून मला तिच्याबद्दल फार आदर आहे. पण कंपनीनं तिच्यात वेळोवेळी फेरफार केले, ठोक्यांचा वेग तासाला २८,८०० वरून २५,२०० वर आणला, पुढं रचनाही बदलली. ११२० चं तसं नाही. २८९२ वर हात बसलेला कुठलाही चांगला कारागीर ती उघडून, धुऊन, तेल घालून बंद करू शकतो. जुनं घड्याळ घेताना ते पुढची वीस वर्षं कोण उघडणार, हा पहिला प्रश्न असतो.

मापाचं बोलू. २५३१ आणि २२५४ ही ४१ मिलिमीटर, २५५१ हे ३६.२५. पण नुसत्या व्यासावर जाऊ नका. पट्टा अडकतो त्या वरच्या कानापासून खालच्या कानापर्यंतचं अंतर मोजा, मोठ्या घड्याळात ते साधारण ४७ मिलिमीटर भरतं. पुठ्ठ्याचा तेवढा तुकडा कापून मनगटावर ठेवा. मनगटाच्या सपाट भागाबाहेर गेला तर मोठं घड्याळ नको. सव्वासहा इंचाला दोन्ही बसू शकतात, आणि अशा वेळी लहान घ्या असं मी म्हणेन. २५५१ ला लोक 'लेडीज' समजून स्वस्तात देतात. मशीन तीच, ३०० मीटरही तेच.

इंजिनरूम

काकांचं म्हणणं पटलं. मी मर्चंट नेव्हीत आहे, माझ्याकडे २२५४.५० आहे. त्याचे काटे तलवारीसारखे भरीव, अंधारात लगेच वाचता येतात. २५३१ चे काटे मधून पोकळ, दिसायला सुरेख पण गढूळ पाण्यात एका नजरेत वेळ कळेलच असं नाही. आपल्याकडे दृश्यमानता कशी असते हे ताईंना माहीतच आहे. २५३१ ची नागमोडी कडेची बेझल, म्हणजे काचेभोवतीची फिरती कडी, ओल्या हाताने फिरवणंही सोपं नाही.

जेम्स बाँडमुळे २५३१ चा भाव चढा असतो हेही ध्यानात घ्या. १९९५ मध्ये त्याच्या हातात सेलवालं २५४१.८० होतं, १९९७ पासून २५३१.८०. दोन्ही लांबून सारखीच दिसतात, त्यामुळे जाहिरातीत ऑटोमॅटिक लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. तबकडीवर 'ऑटोमॅटिक क्रोनोमीटर' छापलंय का ते वाचा.

करली_काठ

काका, किती मनापासून लिहिलंत. पुठ्ठा कापून बघितला. ४७ चा बसतोय, पण अगदी कडेला. त्यामुळे २५५१.८० कडे मन झुकलंय. ठाण्यातल्या एका गृहस्थांकडे एक आहे, १९९५-९६ चं म्हणतात. मूळ डबा आहे, कागद नाहीत. फोटोत तबकडीच्या तळाशी 'स्विस मेड'च्या दोन्ही बाजूंना इंग्रजी टी आहे. हे रिडायल तर नाही ना? बेझलचा निळा रंगही थोडा उडालाय. आणि दहाच्या आकड्याशी असलेली ती दुसरी चावी डुबकी मारताना उघडायची का?

जुनी_चावी

ताई, तो टी म्हणजे ट्रिशियम. त्या काळी अंधारात चमकणारा लेप ट्रिशियमचा असायचा, म्हणून दोन्ही बाजूंना टी. ते सांगतायत त्या वर्षाशी जुळतंय, चांगलंच लक्षण आहे. मात्र ट्रिशियम बारा-सव्वाबारा वर्षांत निम्मं होतं, तेव्हा आता ते घड्याळ रात्री चमकणार नाही. चमकत असेल तर उलट विचारा, की लेप किंवा काटे कधी बदलले. नंतरच्या, नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासूनच्या घड्याळांत सुपर ल्युमिनोव्हा हा उजेड साठवून चमकणारा लेप आहे. रात्रीच्या डुबक्या मारत असाल तर तसलंच शोधा, आणि दिवसाच उतरत असाल तर हे चालेल.

बेझलचा रंग उन्हाने उडतो, ती पट्टी अ‍ॅल्युमिनियमची आहे आणि बदलता येते. त्यावरून सौदा मोडू नका. बघायचं ते केसच्या कडा. या घड्याळाचे कान किंचित पिळल्यासारखे वळलेले असतात, आणि त्या वळणावर चकचकीत आणि खरखरीत भागाची सीमा धारदार असते. ती सीमा गोल, साबणाच्या वडीसारखी झाली असेल तर पॉलिश करून करून धातू झिजवलाय. तो परत येत नाही.

कागद नाहीत त्याची काळजी नको, नंबर जुळवा. आठ आकडी नंबर कानाच्या खालच्या बाजूला कोरलेला असतो आणि तोच मशीनवरही असतो. त्या गृहस्थांना सांगा, कारागिरासमोर पाठ उघडू. दोन्ही नंबर एक असतील तर केस आणि मशीन एकमेकांची आहेत. हे सगळं उगाच सांगत नाही. २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात एक जुनं स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं, आणि २०२३ मध्ये उघड झालं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून तयार केलेलं होतं. तिथं हे होतं तर ठाण्यातही तपासूनच घ्यावं.

दहाची चावी हेलियमची. दिवसेंदिवस दाबाखालच्या खोलीत राहून काम करणाऱ्या डायव्हरांच्या घड्याळात हेलियम शिरतो, वर येताना तो बाहेर सोडायला ती आहे. तुम्हाला तिचा कधीच उपयोग नाही. घट्ट फिरवून बंद ठेवा, आणि पाण्यात जायच्या आधी दोन्ही चाव्या बोटाने तपासा.

शेवटचं महत्त्वाचं. तबकडीवरचे ३०० मीटर हे घड्याळ नवं असतानाचे. रबरी रिंगा वयानं कडक होतात. घेतल्याबरोबर पूर्ण सर्व्हिसिंग, सगळ्या रिंगा नव्या, आणि दाबाची चाचणी. ती झाल्याशिवाय समुद्र नाही, नळाखालीसुद्धा नाही. मग दर पावसाळ्यानंतर, तुमचा मोसम सुरू व्हायच्या आधी, फक्त दाबाची चाचणी करून घ्या. समुद्रातून आलात की गोड्या पाण्यात धुवा, बेझल फिरवत फिरवत, नाहीतर मीठ खाली साठून ती जाम होते.

सर्व्हिसिंगचा खर्च आणि बेझलची पट्टी भावातून वजा करून मागा. ते आढेवेढे घेतील, घेऊ द्या. आणि पाठ उघडायला नाही म्हणाले तर तिथून उठा.

करली_काठ

रविवारी ठाण्याला जातेय, सोबत भिंग आणि मोजपट्टी. काका, तुमची हरकत नसेल तर पाठ उघडल्यावर मशीनचा फोटो इथे टाकते, पैसे देण्याआधी एकदा बघाल का?

जुनी_चावी

जरूर टाका. दोन फोटो हवेत, एक मशीनवरच्या नंबराचा आणि एक रिंग बसते त्या खाचेचा, अगदी जवळून. खाचेत गंज असेल तर मी नाही म्हणणार, भाव काहीही असो.