अलीकडच्या विज्ञान कादंबऱ्या : काय भिडलं, काय खटकलं?

२०२० पासून आलेल्या विज्ञान कादंबऱ्यांबद्दल लिहा. कथानक थोडक्यात, मत मोकळेपणाने. विज्ञान काढून घेतलं तर कादंबरीत काय उरतं, हे जरूर सांगा.

मी सुरुवात करते. अँडी विअर यांची 'प्रोजेक्ट हेल मेरी' (२०२१). परग्रहावरच्या रॉकीला डोळे नाहीत, तो सुरांत बोलतो. त्याच्या लोकांना किरणोत्सार ठाऊकच नव्हता. त्यापायी यानातले सगळे सोबती दगावले आणि तो एकटा उरला. ते का गेले, हे त्याला कळतं एका माणसाकडून. तिथे माझ्या पोटात कालवलं. पृथ्वीवरची पात्रं मात्र एकाच साच्यातली; संवादातून नावं काढली तर कोण बोलतंय ते ओळखू येऊ नये.

———

किम स्टॅनली रॉबिन्सन यांची 'द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर' (२०२०). सुरुवातीलाच उत्तर प्रदेशात उष्णतेची लाट येते. वीज गेलेली, हवा इतकी दमट की घाम सुकत नाही. लोक जीव वाचवायला तळ्यात उतरतात, तर पाणीही तापलेलं. ते प्रकरण वाचून झोप उडाली. पुढे झुरिकमधल्या बैठका, कार्बन नाण्याचं (कार्बन हवेत न सोडल्याबद्दल मोबदला म्हणून मिळणाऱ्या चलनाचं) अर्थकारण, इतिवृत्तासारखी प्रकरणं. विचार मोलाचे आहेत, पण ज्यांच्या मरणाने पुस्तक सुरू होतं ती माणसं मागेच राहतात. ही माझी मोठी तक्रार.

———

काझुओ इशिगुरो, 'क्लारा अँड द सन' (२०२१). क्लारा सौरऊर्जेवर चालणारी यंत्रमैत्रीण. दुकानाच्या काचेतून तिला निपचित पडलेला भिकारी आणि त्याचा कुत्रा दिसतात. दुसऱ्या दिवशी उन्हात दोघंही हालचाल करू लागतात, आणि सूर्य माणसांना बरं करतो असा तिचा ग्रह होतो. निरीक्षण चोख, निष्कर्ष चुकीचा. यंत्राच्या मनात श्रद्धा कशी रुजते ते यापेक्षा चांगलं मी कुठे वाचलेलं नाही. मुलांमधल्या जनुकीय बदलांचं प्रकरण मात्र लेखकाने फारच मोघम ठेवलंय.

———

सामंथा हार्वी यांची 'ऑर्बिटल' (२०२३, बुकर २०२४) इथे चालेल का? सहा अंतराळवीर, एक दिवस, पृथ्वीभोवती १६ फेऱ्या. घडत काहीच नाही म्हणून अर्ध्यात सोडली.

———

चालेल की! विज्ञान काढलंत तर ही कादंबरीच उरत नाही. त्या सहा जणांतल्या चिएची आई पृथ्वीवर वारते आणि तिला अंत्यविधीला जाता येत नाही. खाली टायफून घोंघावतोय, वरून फक्त फोटो काढता येतात. कक्षेत असणं म्हणजे काय, ते मला इथे कळलं. पुन्हा हातात घ्या, पण दिवसाला एकच फेरी वाचा.