दूध नको, अंतर हवे

महिनाभर रोज दूध ठेवूनही दारातले मांजर जवळ येत नाही, अशी आपली तक्रार आहे. बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातील साखर नीट पचत नाही, त्यामुळे दुधाऐवजी बिनमिठाचे, काटे काढलेले उकडलेले मासे ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या जागी द्यावेत.

आमच्या जिन्याखाली येणाऱ्या करड्या भाटीसाठी मी पहिले पंधरा दिवस बशी ठेवून सरळ घरात निघून जात असे. नंतर दहा-बारा फुटांवर तिच्याकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचत बसू लागलो आणि दर चार-पाच दिवसांनी बशी वीतभर माझ्याकडे सरकवत गेलो. (पान उलटण्याच्या आवाजानेही ती पळत असे, म्हणून शेवटी पुस्तकावर आलो.)

टक लावून पाहणे मांजराला धमकीसारखे वाटते. डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाताजवळ मांजरे अधिक सहजपणे येतात, असे ब्रिटनमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांच्या २०२० सालच्या अभ्यासात दिसले होते, आणि माझा अनुभवही तोच आहे.

स्पर्शाची घाई मात्र करू नये. प्रथम बोट हुंगू द्यावे, मग गालाला हात लावावा, पोटाला मुळीच नाही. जन्मानंतरच्या दोन ते सात आठवड्यांत माणसाचा सहवास न मिळालेले मांजर कदाचित कधीच मांडीवर येणार नाही. ओरखडा उठलाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.