गेमची परीक्षणे वाचून खरेदी ठरवावी का?

दिवाणावरचा_खेळाडू (प्रश्न)

गेल्या महिन्यात मी एक गेम घेतला. त्याचे नाव सांगत नाही, कारण प्रश्न त्या एका गेमचा नाही. चार हजार रुपये मोजण्यापूर्वी मी पाच-सहा परीक्षणे नीट वाचली होती आणि त्यांपैकी एकानेही दहापैकी आठाच्या खाली गुण दिले नव्हते. प्रत्यक्षात पहिल्याच प्रसंगात पडद्यावरची अक्षरे इतकी बारीक निघाली की आमच्या ३२ इंची टीव्हीवर दिवाणावर बसून ती वाचताच येईनात. अक्षरांचा आकार वाढवण्याची सोय सेटिंगमध्ये कुठेच नव्हती. शेवटी प्लॅस्टिकची खुर्ची टीव्हीपासून तीन फुटांवर ओढून बसलो. त्यातच माझा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचे यंत्र, मागच्या पिढीतला, त्यामुळे गेममधल्या गर्दीच्या बाजारात शिरले की चित्र अडखळू लागते. कथा, संगीत, पात्रांचा अभिनय यांवर परीक्षकांनी भरभरून लिहिले होते. या दोन गोष्टींविषयी मात्र अवाक्षर नव्हते. त्यांनी खोटे लिहिले असे माझे म्हणणे नाही. पण मग परीक्षण वाचून खरेदी ठरवावी का, आणि ठरवायची तर त्यातले नेमके काय ग्राह्य धरावे?

सेव्ह_पॉइंट

तुमची तक्रार रास्त आहे. माझ्या मते परीक्षण हाती घेतल्यावर सर्वांत आधी ते कोणत्या यंत्रावर खेळून लिहिले आहे ते पाहावे. ‘सायबरपंक २०७७’ या गेमचे उदाहरण सर्वांना आठवत असेल. १० डिसेंबर २०२० रोजी तो बाजारात येण्यापूर्वी परीक्षकांना फक्त संगणकावरची आवृत्ती देण्यात आली होती, आणि स्वतः खेळताना टिपलेली दृश्ये दाखवण्याची मुभाही त्यांना नव्हती. परीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर त्या आवृत्तीची सरासरी ८०च्या वर गेली. ज्यांनी तेवढ्यावर विसंबून प्लेस्टेशन ४ या सोनीच्या कन्सोलसाठी गेम घेतला, त्यांच्या वाट्याला सतत बंद पडणारा, धूसर चित्रांचा खेळ आला, आणि आठवडाभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून परताव्याची सोय केली. जून २०२१ मध्ये तो तिथे परत आला. पुढे अपडेट होत होत आज नव्या यंत्रांवर तो उत्तम चालतो, म्हणजे २०२० मधले कौतुकाचे परीक्षण आणि तेव्हाचीच चिडलेली टीका, दोन्ही आजच्या खरेदीदाराला अपुरी आहेत.

बारीक अक्षरांचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण नाही. २०१८ च्या ‘गॉड ऑफ वॉर’मध्येही हीच तक्रार झाली होती आणि नंतरच्या अपडेटमध्ये अक्षरे मोठी करण्याची सोय आली. परीक्षक बहुधा टेबलावरच्या मॉनिटरसमोर किंवा मोठ्या टीव्हीसमोर बसून खेळत असावेत. हा माझा तर्क आहे.

मुठेकाठचा

मी थोडा वेगळा सूर लावतो. परीक्षणांचा खरेदीवर प्रभाव असूच नये, असे माझे मत होते आणि अजूनही बरेचसे आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला, तेव्हा परीक्षणांत एकच गोष्ट फिरून फिरून वाचायला मिळाली: चित्रे देखणी, मारामारी मात्र बेतास बात. गुणांवर गेलो असतो तर मी तो घेतला नसता. मी तो घेतला, आणि खरे सांगायचे तर मारामारी खरोखरच जडशीळ वाटली. पण बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितलेल्या पुराणकथा पाहताना मी कित्येकदा कंट्रोलर खाली ठेवून नुसता बघत राहिलो. परीक्षकही बरोबर होते आणि माझी खरेदीही. कोणाला कशाचे किती मोल, हे आकड्यात मावत नाही.

म्हणून मी परीक्षण बाजूला ठेवून, कोणी मध्ये न बोलता नुसता खेळतानाचा वीस मिनिटांचा व्हिडिओ पाहतो, तोही शक्यतो मधल्या भागातला, कारण सुरुवात सगळेच घासूनपुसून ठेवतात. संगणकावर खेळणाऱ्यांना स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाचा परतावाही आहे: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण खेळ २ तासांपेक्षा कमी झाला असेल तर पैसे परत मिळतात. अर्थात काही मोठ्या गेममध्ये पात्राचे नाक-डोळे ठरवण्यातच त्यातला पाऊण तास जातो, हा भाग निराळा.

आकडेमोड

मुठेकाठचा यांच्याशी सहमत होता होता एका ठिकाणी थांबतो. आपण ज्याला सरसकट परीक्षण म्हणतो ती दोन वेगळी प्रकरणे आहेत: खेळाडूंची मते आणि व्यावसायिक परीक्षकांचे गुण. स्टीमवर खेळाडू फक्त ‘शिफारस आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच निवडतो. त्यामुळे तिथले ९० टक्के म्हणजे शंभरातल्या नव्वदांना गेम बरा वाटला, गेमला शंभरपैकी नव्वद गुण मिळाले असे नव्हे. सर्वांना जेमतेम आवडलेला गेम तिथे सहज वर दिसतो.

शिवाय खेळाडूंच्या मतांत राग मिसळलेला असतो. मे २०२४ मध्ये स्टीमवर ‘हेलडायव्हर्स २’ खेळणाऱ्यांवर प्लेस्टेशनचे खाते जोडण्याची सक्ती जाहीर झाली, तेव्हा काही दिवसांतच लाखाहून अधिक नकारात्मक मते आली आणि सोनीने ती सक्ती मागे घेतली. ग्राहक म्हणून मला त्याचा आनंदच झाला, पण त्या आठवड्यात तो गेम घ्यायला गेलेल्या माणसाला खेळ कसा आहे हे त्या मतांवरून कळले नसते.

व्यावसायिकांच्या गुणांचेही भलतेच वजन होते. ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’च्या निर्मात्यांचा बोनस मेटाक्रिटिकवरील ८५ गुणांशी बांधलेला होता आणि गेम ८४ वर अडकला, हे त्यांच्यापैकीच एकाने २०१२ मध्ये उघड केले. तो गेम आजही लोक आवर्जून खेळतात. म्हणून मी सर्वांत कमी गुण देणारे परीक्षण आधी वाचतो. त्यातली तक्रार मला त्रासदायक वाटली नाही, तर गेम घेतो.

दोन_मुलांची_आई

मी स्वतः खेळत नाही, पण पैसे मीच देते, म्हणून एक भर घालते. परीक्षण पहिल्या आठवड्यातले असते आणि गेममधले दुकान कधीकधी नंतर उघडते. ‘क्रॅश टीम रेसिंग नायट्रो-फ्युएल्ड’ जून २०१९ मध्ये आला आणि पैसे देऊन नाणी घेण्याची सोय त्यात ऑगस्टमध्ये आली. तोवर परीक्षणे लिहून झालेली होती. मी आता मुलांना दोन महिने थांबायला लावते. कुरकुर होते, पण किंमतही बहुधा उतरलेली असते.

दिवाणावरचा_खेळाडू

सर्वांचे आभार. सेव्ह_पॉइंट यांचे वाचून मी ती परीक्षणे पुन्हा उघडून पाहिली. सहापैकी पाचांनी शेवटच्या ओळीत ‘नव्या पिढीच्या कन्सोलवर खेळलो’ असे स्पष्ट लिहिले होते. मी गुण पाहून तिथवर पोहोचलोच नव्हतो. सहाव्याने यंत्राचा उल्लेख केलेला नाही. अक्षरांविषयी निर्मात्यांना पत्र पाठवले आहे, उत्तर आले तर इथे कळवीन.