टॅलिन दोन तासांत?

या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय की एस्टोनियाच्या राजधानीचं, टॅलिनचं, जुनं शहर दोन तासांत उरकतं आणि क्रूझवाल्यांनी सरळ बसची सहल घ्यावी. गर्दीबद्दल एकदम मान्य. तीन जहाजं एकाच दिवशी लागली की टाउनहॉलच्या चौकात पाय ठेवायला जागा नसते. पण बस कशाला? धक्क्यापासून जुन्या शहराच्या वेशीवरच्या 'जाडी मार्गारेट' बुरुजापर्यंत रमतगमत वीसेक मिनिटांत चालत जाता येतं.

इथे अजून कुणी निगुलिस्ते चर्चचं नाव घेतलेलं दिसलं नाही. 1944 च्या बॉम्बहल्ल्यात ते जळालं, आता तिथे संग्रहालय आहे. आत जर्मन चित्रकार बर्न्ट नोटकेचं पंधराव्या शतकातलं 'मृत्यूचं नृत्य' हे चित्र लावलंय. मूळ लांबलचक चित्राचा साडेसात मीटरचा तुकडाच उरलाय, पण काय तुकडा! एक सांगाडा मजेत बॅगपाइप वाजवतोय, दुसरा खांद्यावर शवपेटी घेऊन निघालाय, आणि पोप, सम्राट, सम्राज्ञी, राजा सगळे भरजरी कपड्यांत त्यांच्या मध्ये अडकलेत. पोपचासुद्धा मुलाहिजा नाही! तिकीट लागतं, म्हणून की काय, सहलीचे गट बाहेरूनच पुढे सरकतात. चौकातली 1422 पासून नोंद असलेली औषधांची पेढी मात्र फुकट बघता येते.