मदत हवी आहे : अंबडच्या कारखान्यात २२ पीसींवर लायसनचं मायक्रोसॉफ्ट ऑफिस बसवतोय, शॉप फ्लोअरवर गाडी अडली

नमस्कार मंडळी,

नाशिकला अंबड एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. मी स्टोअर्स आणि बिलिंग बघतो. आयटीला वेगळा माणूस नाही, त्यामुळे संगणकाचं काहीही निघालं की ते माझ्या टेबलावर येतं.

इतकी वर्षं एका ओळखीच्याने पेनड्राइव्हवरून बसवून दिलेलं ऑफिस २०१६ चालत होतं. ते नकली होतं आणि आम्हाला ते माहीत होतं, खोटं कशाला बोलू. गेल्या महिन्यात इन्स्पेक्शनच्या पीसीवर एक्सेल उघडलं, पण काही टाइपच होईना. गेटवर टेम्पो उभा, आणि रिपोर्टशिवाय गिऱ्हाईक माल उतरवून घेत नाही. शेवटी इन्स्पेक्टरने चौदा बोअरची मापं एका जुन्या चलनाच्या पाठीमागे पेनने लिहिली, खाली सही केली, तेव्हा टेम्पो हलला. त्याच संध्याकाळी मी साहेबांना कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब वाचून दाखवलं: नकली सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरलं तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद, ५० हजार ते २ लाख दंड. खरं ऑफिस घ्यायला त्यांनी लगेच होकार दिला.

पीसी २२ म्हणून मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस स्टँडर्डची २२ लायसन घेतली. ऑफिस डिप्लॉयमेंट टूल या मायक्रोसॉफ्टच्याच साधनाने इन्स्टॉलेशनच्या फाइली एकदाच सर्व्हरच्या शेअर्ड फोल्डरात उतरवल्या, कॉन्फिगरेशन फाइलीत त्याच फोल्डरचा पत्ता दिला आणि शनिवारच्या सुट्टीत एकेका पीसीवर बसवत गेलो. इंटरनेटवर ताण आला नाही. सोळा पीसी व्यवस्थित झाले.

अडलंय ते असं. शॉप फ्लोअरवर तीन पीसी, तीन शिफ्ट, मिळून अकरा माणसं. सगळे ‘इन्स्पेक्शन’ या एकाच लॉगिनने काम करतात. हे नियमात बसतं का? फसवाफसवीतून बाहेर पडायला एवढे पैसे घातलेत, पुन्हा तेच नकोय.

दुसरं, कॉस्टिंगच्या फाइलीतला जुना मॅक्रो (एक्सेलच्या आतच लिहिलेला छोटा प्रोग्राम) नव्या ६४ बिट एक्सेलमध्ये एरर देतो. तो लिहिणारे काका निवृत्त झाले. आणि दोन पीसींवर सगळं बसवूनही अॅक्टिव्हेशन होत नाही.

येत्या शनिवारी उरलेलं संपवायचंय. कुणी केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद :

दादा, हे लायसन माणसाचं असतं, पीसीचं नाही. एक माणूस ते पाच पीसींवर टाकू शकतो, पण अकरा जणांत एक लॉगिन वाटणं चालत नाही. पीसी सामायिक असेल तर शेअर्ड कॉम्प्युटर अॅक्टिव्हेशन लागतं आणि ते बिझनेस स्टँडर्डमध्ये नाही, बिझनेस प्रीमियममध्ये आहे. तिथेही प्रत्येकाला आपलं लायसन हवंच. नुसती मापं भरायची असतील तर त्या तीन पीसींना एकरकमी मिळणारं ऑफिस होम अँड बिझनेस २०२४ घ्या, ते पीसीला बांधलेलं असतं. ‘होम अँड स्टुडंट’ किंवा नुसतं ‘होम’ घेऊ नका, ते धंद्यासाठी नाही. फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये तुमचा रिपोर्ट नीट उघडत असेल तर तेवढाही खर्च नको.

मॅक्रोत ‘डिक्लेअर’ने सुरू होणाऱ्या ओळी शोधा. ६४ बिटमध्ये तिथे ‘पीटीआर-सेफ’ हा शब्द घालावा लागतो. जमलं नाही तर त्या एका पीसीवर ३२ बिट बसवा, मात्र ६४ बिट आधी पूर्ण काढून. दोन्ही एकत्र नांदत नाहीत.

अॅक्टिव्हेशन न होणाऱ्या त्या दोन पीसींवर जुन्या ऑफिसची ‘की’, म्हणजे लायसनचा कोड, शिल्लक असणार. ऑफिसच्या फोल्डरातली ओएसपीपी नावाची स्क्रिप्ट ‘डीस्टेटस’ देऊन चालवा, कीचे शेवटचे पाच आकडे-अक्षरं दिसतील. ‘अनपीकी’ने ती काढून टाका. विंडोजचा टास्क शेड्युलर (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) बघा, पेनड्राइव्हवाल्याचा अॅक्टिव्हेटर, म्हणजे नकली ऑफिस चालू ठेवणारा प्रोग्राम, तिथे बसलेला असू शकतो.