मदत हवी आहे : बावीस माणसांचं टोमॅटो सूप आदल्या रात्री करून ठेवायचं आहे

नळस्टॉप

संक्रांतीनंतरच्या शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर एकत्र जेवण आहे (कोथरूड). बाकीचं केटररकडून येतंय, सुरुवातीचं टोमॅटो सूप मात्र आमच्या घरून द्यायचं ठरलंय. माणसं बावीस. त्यांत एक जैन कुटुंब, चार लहान मुलं आणि काही ज्येष्ठ मंडळी. शनिवारी उशिरापर्यंत ऑफिस असल्याने सूप शुक्रवारी रात्रीच करावं लागेल.

१. नेमकं किती करायचं?
२. फ्रीज एकदारी आहे, मोठं पातेलं मावत नाही. सध्या रात्री बऱ्यापैकी थंडी पडते, तर झाकून बाल्कनीत ठेवलं तर चालेल का?
३. गच्चीवर शेवटच्या माणसापर्यंत गरम कसं राहील? वाट्या ठेवाव्यात की कप?
४. तळमजल्यावरच्या काकूंचं नुकतंच ऑपरेशन झालंय. त्यांना थोडं डब्यातून द्यावं म्हणतोय. काही पथ्य?

उकडशेंगोळे

दुसरा प्रश्न आधी घेतो. बाकी काही चुकलं तर निभावून नेता येईल, हे चुकलं तर रविवारी अख्खी सोसायटी आडवी पडेल.

बाल्कनीत ठेवू नका. जानेवारीत पुण्यात पहाटे पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो, कधी त्याखालीही. पण शिजलेलं अन्न ५ अंशांच्या खाली नाहीतर ६० च्या वर राहायला हवं, मधला पट्टा धोक्याचा. आणि सकाळी दहानंतर ऊन चढतं, तेव्हा तुम्ही ऑफिसात.

खरी गोम निवण्याच्या वेळात आहे. पाच लिटरचं पातेलं झाकून ठेवलं तर मधलं सूप रात्रभर कोमटच राहतं. उकळीत जंतू मरतात, काहींचे बीजाणू (जंतूंचं कवचबंद, उष्णतेत टिकणारं रूप) मात्र तगतात आणि कोमट सूपात पुन्हा वाढू लागतात. टोमॅटोचा आंबटपणा थोडा मदतीला येतो, पण भोपळा, कॉर्नफ्लॉर, साय पडली की त्याच्यावर विसंबता येत नाही. म्हणून ६० वरून २० अंशांपर्यंत दोन तासांत आणि तिथून ५ पर्यंत पुढच्या चार तासांत, एवढा वेग हवा.

तो असा साधतो. शुक्रवारी पूर्ण सूप करूच नका. फक्त घट्ट रस करा : टोमॅटो शिजवून, वाटून, गाळून, साधारण अडीच लिटर. पाणी, मीठ, कॉर्नफ्लॉर, साय हे सगळं शनिवारी. निम्मं आकारमान म्हणजे फ्रीजचाही प्रश्न सुटला.

रस गरम असतानाच तीन पसरट स्टीलच्या डब्यांत ओता. थर चार-पाच सेंटिमीटरपेक्षा जाड नको. घट्ट पदार्थात थर दुप्पट झाला की निवायला जवळपास चौपट वेळ लागतो. सिंकला बूच लावून त्यात गार पाणी आणि दोन-तीन किलो बर्फ घाला, डबे त्यात उभे करा, पाणी काठापासून दोन बोटं खाली राहू द्या. दर पाच मिनिटांनी स्वच्छ पळीने तळापासून ढवळा. डबा पाण्याबाहेर काढून, ढवळून बुडाला हात लावल्यावर गार लागला की फ्रीजमध्ये. सुरुवातीला झाकण किंचित तिरकं ठेवा, पूर्ण गार झालं की घट्ट लावा. डबे एकावर एक रचू नका, मध्ये हवा खेळू द्या.

बाजारचा बर्फ फक्त बाहेरच्या पाण्यात. महाराष्ट्रात खाण्यायोग्य नसलेल्या बर्फाला निळसर रंग देण्याचा नियम २०१८ पासून आहे. तो दिसला तर सूपाच्या आसपास सांडूही देऊ नका. घरच्या पिण्याच्या पाण्याचा बर्फ असेल तर तो थेट रसात घालता येतो, नाहीतरी उद्या पाणी घालायचंच आहे. दोन लिटर रस ८० अंशांवर असेल तर अर्धा किलो बर्फाने तो लगेच ५०च्या आसपास येतो.

मेथीदाणा

एवढा खटाटोप कशाला? सकाळी पुन्हा एक खळखळून उकळी आणली की झालं. पूर्वी कुठे होते फ्रीज?

उकडशेंगोळे

मेथीदाणा, उकळीने जंतू मरतील, त्यांनी रात्रभरात सोडलेलं विष मरेलच असं नाही. भात, नूडल्स, शेवया घातलेल्या सूपात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू वाढला तर त्याचं उलट्या करवणारं विष घरगुती उकळीला अजिबात दाद देत नाही. चव घेतलेला चमचा पुन्हा पातेल्यात बुडवल्याने जाणाऱ्या स्टॅफिलोकोकस या जंतूच्या विषाचंही तेच. वास, चव, रंग सगळं ठीक आणि तरी बाधा, असं होतं ते यामुळे. आणि पूर्वी उरवायचे कमी, त्या त्या वेळेपुरतं करायचे.

मेथीदाणा

हे विष न मरण्याचं माहीत नव्हतं. मान्य.

ओगराळं

प्रमाण आणि वाढणं मी घेते.

सूप सुरुवातीला असेल आणि पुढे जेवण असेल तर माणशी १५० मिली पुरे. बावीस जणांचं ३.३ लिटर होतं, दुसऱ्यांदा घेणारे धरून साडेचार लिटर करा. त्यासाठी तीन किलो लालबुंद, पिकलेले टोमॅटो.

जैन कुटुंब आहे म्हणून कांदा-लसूण वगळला जाईल, पण बहुतेक जण गाजर आणि बीट विसरतात. रंगासाठी घातलेला बिटाचा तुकडासुद्धा त्यांना चालत नाही, बटाटा नाही, ओलं आलंही नाही. त्याऐवजी लाल भोपळा अर्धा किलो घ्या. रंग येतो, गोडसरपणाने टोमॅटोचा आंबटपणा तुटतो आणि दाटपणा येतो, त्यामुळे कॉर्नफ्लॉर कमी लागतं : लिटरला एक सपाट मोठा चमचा, गार पाण्यात कालवून, शनिवारी शेवटी. स्वादाला मिरे, तमालपत्र, थोडं जिरं. ज्यांना लसूण हवा त्यांच्यासाठी लोण्यात परतलेला लसूण वेगळ्या वाटीत, वेगळ्या चमच्यासह. आणि सूर्यास्तानंतर ते जेवतात का, हे आधीच विचारा. बरेच जण जेवत नाहीत. मग त्यांचं सूप साडेपाचला घरीच पोचवणं जास्त शहाणपणाचं.

एकच सांगते, गरम रस मिक्सरमध्ये फिरवू नका. वाफ कोंडून झाकण उडतं आणि हात भाजतो. कोमट झाल्यावर, भांडं अर्ध्यापेक्षा कमी भरून फिरवा. वाटून झाल्यावर एकदा उकळी देऊन मग बर्फाकडे न्या.

शनिवारी रस आणि दोन लिटर उकळतं पाणी एकत्र करून खळखळून उकळा. फक्त कडेला बुडबुडे आले म्हणजे उकळी नव्हे. ढवळल्यावरही उकळी मोडत नाही, तोवर थांबा. मीठ आधी चार सपाट छोटे चमचे, मग चाखून. चाखायला दरवेळी वेगळा चमचा.

गच्चीवर खुलं पातेलं नेऊ नका. जाड थर्मास किंवा मोठी हॉटकेस, आणि ती आधी उकळत्या पाण्याने भरून दहा मिनिटं ठेवायची. हे केलं नाही तर पहिले दहा अंश भांडंच खाऊन टाकतं. मेणबत्तीची शेगडी गरम सूप गरम ठेवते, गार सूप तापवत नाही. स्वयंपाकाचा टोकदार थर्मामीटर असेल तर मध्येच एकदा बुडवून पाहा, ६० च्या खाली गेलं की परत घरात नेऊन उकळायचं.

थंड हवेत रुंद वाटीतलं सूप पाच मिनिटांत कोमट होतं, म्हणून कानाचे चिनीमातीचे कप. स्टीलच्या वाट्या हाताला चटके देतात, पातळ कागदी कप मऊ पडतात. कप पाऊण भरा, काठोकाठ भरला की पहिला घोट बशीत. कपातून पिण्यात काही कमीपणा नाही. चमचा ठेवा, पण उभ्याने कार्यक्रम असेल तर कोणी वापरणार नाही. आधी ज्येष्ठ, मग बाकीचे. मुलांचं सूप दहा मिनिटं आधी कपात काढून निवू द्या आणि त्यांना बसवूनच द्या. आणि आग्रह आवरा हो. सूपाचा तिसरा कप पोटात गेला की केटररची मसालेभाताची भांडी तशीच परत जातात.

तळजाई

काकूंच्या डब्याबद्दल. घरच्यांना आधी फोन करून पथ्य विचारा. ऑपरेशननंतर कधी कधी मिठावर बंधन असतं, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर टोमॅटोतलं पोटॅशियमही नको असतं. "मी सूप आणतोय" ऐवजी "चालेल का" विचारलं की नकार देणंही सोपं जातं. त्यांचा भाग मीठ घालण्याआधीच काढा.

डबा एकतर उकळता द्या किंवा फ्रीजमधला गार. कोमट डबा सर्वांत वाईट, कारण घरचे लोक तो ओट्यावर ठेवतात आणि तीन तासांनी उघडतात. डब्यावर चिठ्ठी : काय आहे, कधी केलं, कधीपर्यंत संपवायचं. फ्रीजमध्ये तीन दिवस, त्यापुढे नाही. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, आजारी घराला तोही ताण नको. परत न केला तरी चालेल असाच डबा द्या आणि तसं सांगून टाका.

तुमच्या स्वतःच्या फ्रीजमधल्या डब्यांवरही अस्सल पुणेरी पाटी लावा : "शनिवारच्या पाहुण्यांचे आहे. चव बघू नये."

नळस्टॉप

सगळ्यांचे आभार, डोक्यात गोंधळ होता तो सुटला. जैन कुटुंबाला विचारलं, ते खरंच सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. शेवटचं एक : उरलं तर?

उकडशेंगोळे

कपांत उरलेलं बेसिनमध्ये. थर्मासमधलं ६० च्या वर असेल तर घरी आल्याबरोबर पुन्हा तसंच पसरट डब्यात, बर्फाच्या पाण्यात. किती गरम होतं याची खात्री नसेल तर टाकून द्या. फ्रीजरमध्ये ठेवायचं तर कॉर्नफ्लॉर आणि साय न घातलेला रसच ठेवा. कॉर्नफ्लॉरचं सूप वितळल्यावर पाणी सोडतं, सायीचं फाटतं. काचेची बरणी काठोकाठ भरू नका, गोठताना पाणी जवळपास नऊ टक्के फुगतं आणि बरणी तडकते. उणे १८ अंशांवर दोन-तीन महिने चव टिकते. वितळवायचं आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, आणि एका वेळेला लागेल तेवढंच तापवायचं.

पुण्यात देखभालीच्या कामासाठी बहुधा गुरुवारी वीज बंद ठेवतात. तशी गेली तर फ्रीज उघडून बघत बसू नका. बंद दार असेल तर आतला गारवा चारेक तास टिकतो. म्हणून रस शुक्रवारीच करा, बुधवारी नको.